तिथी बघून जिताडा : नव्याने गळ धरणाऱ्यांसाठी

जून उजाडला, दोन पाऊस पडून गेले की मला ओळखीपाळखीतून हमखास फोन येतात. "खाडीच्या तोंडाशी जिताडा लागतोय म्हणे, कधी जायचं?" लागतो, यात खोटं काही नाही. पण त्या दिवसांत तो तिथे का जमतो हे कळल्यापासून जून ते ऑगस्ट नदीच्या मुखाशी गळ टाकणं मी सोडून दिलं. या लेखात रॉड, दोरी, आमिष सगळं येईल, पण आधी मासा आणि पंचांग. ते दोन कळले नाहीत तर महागातलं रील घेऊनही तुम्ही काठावर डासच मारत बसाल.

मासा आधी ओळखा

रायगडात जिताडा, गोव्यात चोणक, बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियातली बारामुंडी हा सगळा एकच मासा. शास्त्रीय नाव लेट्स कॅल्कॅरिफर. पाठ हिरवट-करडी, पोट रुपेरी, डोक्यावर खोलगट उतार आणि त्यामागे उठलेली पाठ, शेपूट गोल. रात्री बॅटरी मारली तर डोळे तांबूस चमकतात. याच जागी तांबोशीही लागते, पण तिचा रंग तांबडा आणि दात टोकदार. जिताड्याच्या तोंडात बोट घातलंत तर खरखरीत कागद लागतो. तो चावत नाही, पाण्यासकट भक्ष्य गपकन ओढून घेतो. शांत रात्री तो 'टॉप्' आवाज एकदा ऐकलात की पुढे झोपेतही ओळखाल.

मात्र त्याच्या कल्ल्याचं झाकण ब्लेडसारखं असतं. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याची सही आहे.

आता मुद्द्याचं. जिताडा आधी नर असतो, मग मादी होतो. साधारण तीन-चार वर्षांचा झाला की तो नर म्हणून वयात येतो, एक-दोन हंगाम तसे काढतो आणि पुढे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास त्याची मादी होते. लांबी म्हणाल तर हा पालट बहुतेकदा 80 ते 100 सेंटिमीटरच्या दरम्यान होतो. वाढ सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे चार बोटं इकडेतिकडे धरा. अर्थ एवढाच, की फोटोत छातीशी धरलेला मीटरभराचा जिताडा ही जवळजवळ नक्की मादी असते आणि ती तिथवर पोचायला सात-आठ पावसाळे गेलेले असतात. अशी मोठी मादी एका हंगामात लाखांनी नव्हे, कोटींनी अंडी देऊ शकते. छोट्या मादीच्या आणि तिच्या अंड्यांची तुलनाच नको.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, जूनच्या अखेरीस, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ मला पहिला मोठा मासा लागला. वीस-पंचवीस मिनिटं झुंजला. वजनाला काटा नव्हता, टेपवर 93 सेंटिमीटर भरला. घरी आणून विळीवर पोट फाडलं तर दोन्ही बाजूंना हातभर लांबीच्या पिवळ्या गाबोळ्या. घरात आनंदीआनंद. गाबोळी तळली, शेजारीपाजारी वाटली, तरी उरली. शेजारच्या कोळी काकांकडे वाटी घेऊन गेलो, तर त्यांनी ती नुसती बघितली आणि विचारलं, "पोटावर हात लावला व्हतास? जित्ती असताना?" मी म्हटलं, नाही. "लाव पुढच्या येलेला. मंग कलंल." वाटी त्यांनी ठेवून घेतली, खाल्लीही असेल. पण पुढच्या वेळी मी हात लावला. पोट गच्च, आणि किंचित दाबताच बोटांना चिकटलेले साबुदाण्याहून कितीतरी बारीक, पारदर्शक मणी. तो मासा मी सोडला.

दुसरं काम : तिथी शिका

भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर मिळतं, ते जरूर बघा. पण कोळीवाड्यातला हिशोब बोटांवर होतो आणि तो शिकून घेण्यासारखा आहे. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं. येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता पाणी टोकाला. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. प्रत्यक्षात बाराच्या आसपास. दिवसा जी वेळ, साधारण तीच रात्री. हा हिशोब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याचा. गोव्याकडे पाणी याच्या आधी भरतं, आणि कुठल्याही खाडीत जितके आत जाल तितका उशीर होतो. आत रोह्यापाशी उभे राहून मुखावरच्या रेवदंड्याची वेळ धरलीत तर फसाल.

पौर्णिमा-अमावस्येच्या मागेपुढे उधाण, म्हणजे पाण्याचा चढउतार मोठा; अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे चढउतार कमी. मुंबईकडे मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, गोव्यात ते जेमतेम दोन-सव्वादोन मीटर. म्हणून गोव्यातल्या माणसाचा सल्ला अलिबागेत जसाच्या तसा चालत नाही.

आता हाच हिशोब माशाच्या बाजूने लावून बघा. जिताड्याच्या अंड्याला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात ते टिकत नाही. म्हणून वर्षभर नदीत, खाडीच्या वरच्या अंगाला, प्रसंगी पार गोड्या पाण्यात राहणारे मासे पावसाच्या तोंडाशी खाली मुखाकडे उतरतात. अंडी घालण्याची वेळ बहुधा पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची, अंधार पडल्यानंतरची, चढत्या पाण्याची. उधाणाला पूर्ण भरती रात्री बाराला, म्हणजे सुकती (ओहोटी) सहाच्या सुमाराला संपली. दिवेलागणीला पाणी चढायला लागतं ते मध्यरात्रीपर्यंत चढतच राहतं. अंधार आणि आत जाणारं पाणी एकदम मिळावं तर आपल्या किनाऱ्यावर याच तिथ्या! अंडी तरंगती, मिलिमीटरहून लहान, पंधरा-वीस तासांत फुटणारी. तोवर भरतीने त्यांना खाडीच्या आत लोटलेलं असतं. मग पिल्लं कांदळवनात, खाजणात, पावसाने भरलेल्या डबक्यांत शिरतात. तिथे खायला भरपूर आणि मोठे मासे कमी.

अलिबाग-पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्यांनी हे केव्हाच हेरलं होतं. पावसाळ्यात उघाडीतून (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या झडपेतून), चरांतून आलेली बोटाएवढी पिल्लं धरायची आणि शेतातल्या तळ्यात सोडायची. शहापूर-धेरंडकडे घराशेजारी जिताड्याचं तळं असणं ही सुबत्तेची खूण. साहेबाकडे काम असलं की जिताडा पोचवायचा, हा विनोदही तिथलाच, आणि अगदीच विनोद नव्हे. आज हॅचरीतली पिल्लं मिळतात. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये भारतात पहिल्यांदा जिताड्याचं बंदिस्त प्रजनन जमवलं. पण खाडीतला मासा अजून तिथीवरच चालतो.

मग जायचं कधी

माझं वेळापत्रक असं. जून ते ऑगस्ट मुखाशी गळ नाही, उधाणाच्या दिवसांत तर मुळीच नाही. पाऊस ओसरला, पाणी निवळायला लागलं की सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा पहिला हंगाम. थंडीत तो सुस्त असतो. डिसेंबर-जानेवारीत मी फार वेळ घालवत नाही. फेब्रुवारीपासून पुन्हा तोंड उघडतो आणि मेपर्यंत लागत राहतो.

कायद्याचं म्हणाल तर पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची बंदी यांत्रिक होड्यांवर असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही, आणि काठावर गळ घेऊन उभा राहिलेला माणूस तर तिच्या विचारातही नाही. तरी "मला बंदी नाही" हे म्हणणं मला पटत नाही. ज्याचं पोट त्यावर आहे तो नाखवा दोन महिने होडी ओढून ठेवतो आणि शनिवार-रविवारचे हौशी आपण मुखाशी गाभण मासे उपसतो, हे बरं दिसत नाही. अभयारण्याच्या हद्दीत आणि बंदरांच्या आवारात नियम वेगळे असतात. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एकदा विचारून घ्या.

नवख्यांना एक दिलासा. ल्युअरने (खोट्या आमिषाने) खेळायला उधाण तसंही वाईट. रायगडच्या खाड्यांत उधाणाला पाणी चहासारखं होतं, माशाला ल्युअर दिसत नाही. भांगाला पाणी संथ, त्यातल्या त्यात स्वच्छ. पंचमी ते दशमी हे तुमचे दिवस समजा.

जागा

जिताडा मैदानात फिरत नाही, आडोशाला दबा धरतो. पुलाचे खांब, जुन्या धक्क्याचे दगड, पडलेलं झाड, तिवरांच्या मुळांची कड, दोन प्रवाह मिळतात ती रेघ. सगळ्यात उत्तम जागा म्हणजे खारबांधाची उघाडी. सुकतीला आतलं पाणी उघाडीतून बाहेर पडतं, त्यासोबत कोळंबी आणि बोयटं (छोटे मासे), आणि बाहेर हा पंगतीला बसलेला. भरतीचे शेवटचे दोन तास आडोशाला, सुकतीचे पहिले दोन तास उघाडीला, एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं.

पहिल्या दिवशी रॉड नेऊच नका. पूर्ण सुकतीला जा, चिखल उघडा पडलेला असताना जागा बघा, खळगे कुठे, खुंट कुठे, दगड कुठे ते फोनमध्ये टिपा. खुंट म्हणजे कुणाची तरी बोक्शी (खुंटांना बांधायचं जाळं) लागणार. त्या रेषेत गळ टाकायचा नाही. तिथे कुणी असेल तर "काका, इथे टाकला तर चालेल का?" एवढं विचारा. नाही म्हटलेलं मी क्वचित ऐकलंय, उलट "हितं नाय, त्या खांबाला टाक" हे पुष्कळदा.

वाशिष्ठी आणि सावित्रीच्या वरच्या भागात मगरी आहेत. तिथे गुडघाभर पाण्यात उतरून टाकायची हौस नको. कांदळवन तोडायचं नाही, फांदी आड येते म्हणूनसुद्धा नाही. विजा चमकायला लागल्या की कार्बनचा रॉड आडवा ठेवा आणि लांब व्हा.

सामान

दुकानदार बरंच काही गळ्यात मारतो. एवढं पुरे : आठ-नऊ फुटी मिडियम-हेवी रॉड, 4000 आकाराचं स्पिनिंग रील, त्यावर दीडशे मीटर 30 पौंडी ब्रेड (विणलेली दोरी), पुढे दीड हात 50 पौंडी मोनो लीडर (टोकाची जाड नायलॉन दोरी). लीडर सोडू नका, कल्ल्याच्या धारेवर नुसती ब्रेड क्षणात तुटते. ब्रेड आणि लीडरची गाठ डबल युनी. घरी पंख्याखाली वीस वेळा बांधा, मग अंधारात जमेल.

जिवंत आमिषासाठी सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ), 3/0 ते 5/0. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मासे सुटतील या भीतीने नवखे हे करत नाहीत. दोरी ताणलेली असेल तर सुटत नाहीत, आणि गळ तुमच्याच अंगठ्यात गेला तर दाबलेल्या काट्याचे उपकार कळतील. कोळंबी गळाला लावताना डोक्यातला काळा ठिपका चुकवून, तिच्या डोक्यावरच्या काट्याच्या मुळाशी कवचातून गळ घाला, तासभर जिवंत राहते. बोयट वरच्या ओठातून.

ल्युअर दोनच घ्या. एक दहा-बारा सेंटिमीटरचा तरंगता मिनो (छोट्या माशासारखं ल्युअर), ओढला की मीटरभर बुडणारा. दुसरं चार इंची रबरी शेपटीवालं, पंधरा-वीस ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनदार डोक्याच्या गळावर). शिवाय लांब पकड, रबरी जाळीचा हातजाळा, कपड्याची मोजपट्टी आणि डोक्यावरची बॅटरी.

टाकणं, लागणं, आणणं

आडोशाच्या पलीकडे आणि प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, म्हणजे आमिष वाहत माशाच्या तोंडापुढे येईल. थेट डोक्यावर पडलं तर तो बुजतो. मिनो दोन झटके, मग थांबा. दोन झटके, थांबा. मोठे जिताडे जवळजवळ नेहमी त्या थांबण्यात घेतात, आणि नवख्याला थांबणंच जमत नाही. मी मनात "एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल" म्हणतो.

सर्कल हुकवर झटका द्यायचा नाही. रॉड वाकला की नुसतं रील फिरवायला लागा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिलात तर तोंडातून निसटून येतो. ल्युअरवर मात्र एक पक्का ओढा द्या.

पहिली धाव खांबाकडे, दगडाकडे असते. ड्रॅग (रीलवरून दोरी सुटायला लागणारा ताण) आधीच चार किलोच्या आसपास लावलेला असावा, मासा लागल्यावर चाचपडू नका. मग तो पाण्याबाहेर उडी घेईल, डोकं झाडेल. त्या क्षणी रॉडचं टोक खाली, पाण्याकडे, आणि दोरी ताणलेली. बहुतेक मासे इथेच सुटतात, कारण माणूस फोटोसारखा रॉड उंचावून उभा राहतो.

दमवायचं, पण मरेस्तोवर नाही. सोडायचा असलेला मासा जितका कमी वेळ झुंजेल तितका बरा. म्हणूनच हलकं सामान लावून "मजा" घेणं मला आवडत नाही.

मोजा, मग ठरवा

माझ्या रॉडच्या दांड्यावर नेलपॉलिशच्या दोन रेघा आहेत. एक 55 सेंटिमीटरला, दुसरी 75 ला. पहिल्या रेघेच्या आत असेल तर तो बहुधा अजून एकदाही वीण करून गेलेला नाही, सोडायचा. दुसरीच्या पुढे असेल तर तो मादी होण्याच्या वाटेवर आहे किंवा झालेला आहे, सोडायचा. मधला एक, एका फेरीला एकच, घरी. हा आकडा माझा, सरकारी नाही. कल्पना मात्र उसनी आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्यात बारामुंडी 58 सेंटिमीटरपेक्षा लहान ठेवता येत नाही आणि 120 पेक्षा मोठीही नाही, शिवाय पूर्व किनाऱ्यावर 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी पूर्ण बंद, कारण तिथला विणीचा हंगाम तो. लहान वाचवावा हे आपल्यालाही पटतं. 2023 मध्ये महाराष्ट्राने 54 जातींसाठी किमान आकार ठरवले. मोठाही वाचवावा, हे जरा पचायला जड जातं.

चवीचं म्हणाल तर दीड-दोन किलोच्या जिताड्याच्या कालवणाला तोड नाही. दहा किलोचा खाताना माणूस मासा कमी आणि वजन जास्त खातो. (यावर माझे सासरे सहमत नाहीत.)

सोडायची रीत

हात आधी पाण्यात ओले करा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि पुढे मासा रोगाने मरू शकतो. जाळा शक्यतो पाण्यातच ठेवा, पकडीने गळ तिथेच काढा. गळ खोल गिळला असेल तर ओढाओढ नको, दोरी तोंडाजवळ कापा. उचलायचाच झाला तर आडवा, एक हात जबड्याला, दुसरा पोटाखाली. नुसत्या जबड्याने उभा लटकवलात तर मोठ्या माशाचा मणका दुखावतो. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. फोटोला श्वास रोखून बघा; तुम्हाला धाप लागली की त्यालाही पाण्यात जायची वेळ झाली.

मग प्रवाहाकडे तोंड करून शेपटीच्या मुळाशी हलकेच धरा. पुढे-मागे ढकलत बसू नका, कल्ल्यांतून पाणी आपसूक वाहू द्या. शेपटीने हाताला धक्का दिला की सोडा. कधी तो लगेच पळतो, कधी दोन-तीन मिनिटं तुमच्या पायापाशीच उभा राहतो. तोवर उभे राहा, घाईने दुसरा गळ टाकू नका.

एक छोटी वही ठेवा. तारीख, तिथी, पाण्याची वेळ, पाणी गढूळ की निवळ, जागा, आमिष, लांबी, ठेवला की सोडला. पोट गच्च होतं का, हेही. माझ्या वहीत मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून 'पोट गच्च' हे शब्द यायला लागतात आणि सप्टेंबरात नाहीसे होतात. तुमच्या खाडीत ते केव्हा येतात ते तुमची वही सांगेल, आणि त्या पानापासून तुमचा मुखावरचा गळ आवरा. पहिल्या फेरीसाठी यंदा दसऱ्यानंतरची अष्टमी धरा. सकाळी सहाला भरती टोकाला, आठपर्यंत उघाडीवर सुकतीचं पाणी, साडेनऊला घरी पोहे.